धड्याला धडा जोडताना

एका धड्यातून त्याच्याशी नाते असलेल्या दुसऱ्या धड्याकडे, आकृतीकडे, प्रयोगाकडे किंवा सरावाकडे नेणारी आखीव वाट म्हणजे अभ्यासक्रमातला दुवा. पाठ्यपुस्तक कागदावरचे असो की पडद्यावरचे, त्यातले ज्ञान तुकड्यातुकड्यांनी दिलेले असते. एका तासाला गणित, पुढच्या तासाला भूगोल. आठवीत थोडे, नववीत त्यापुढचे. हे तुकडे विद्यार्थ्याच्या मनात एकत्र आले तरच त्यांचे ज्ञान होते, नाही तर परीक्षेपुरते पाठांतर उरते. तुकडे जुळवण्याचे हे काम आजवर वर्गातल्या शिक्षकाने केले. ‘मागच्या वर्षी आपण काय पाहिले होते?’ हा त्याचा प्रश्न म्हणजे तोंडी दिलेला दुवाच. डिजिटल अभ्यासक्रमात हाच दुवा नोंदवून ठेवता येतो, हजारो वर्गांपर्यंत एकाच रूपात पोचवता येतो आणि बोटाच्या स्पर्शाने उघडता येतो. म्हणूनच तो कोणी बांधला, कशासाठी बांधला आणि नेमका कुठे बांधला, याला महत्त्व येते.

बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागात या विषयाला आणखी एक पदर आहे. इथल्या मराठी शाळेतला विद्यार्थी कर्नाटकाचा अभ्यासक्रम मराठीतून शिकतो. कन्नड आणि इंग्रजी या भाषाही शिकतो. दहावीनंतर त्याच्यापुढे दोन राज्यांतली महाविद्यालये असतात. त्यामुळे इथे धड्याला धडा जोडणे म्हणजे इयत्तेला इयत्ता, भाषेला भाषा आणि एका मंडळाच्या अभ्यासाला दुसऱ्या मंडळाचा अभ्यास जोडणे होय.

छापील पुस्तकातले दुवे

दुव्याची कल्पना संगणकाने आणलेली नाही. मराठी वाचकाला तिची ओळख कोशांनी करून दिली. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली वाईहून सिद्ध झालेल्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला. त्यातली एखादी नोंद वाचताना मध्येच बाणाची खूण दिसते. त्या खुणेपुढच्या शब्दावर कोशात स्वतंत्र नोंद आहे, असा तिचा अर्थ. काही नोंदींच्या शेवटी ‘पहा’ असे लिहून संबंधित नोंदींची नावे दिलेली असतात. वाचकाने दुसरा खंड काढायचा, पान शोधायचे आणि वाचन पुढे न्यायचे. वेळ लागतो, पण वाट पक्की असते.

शालेय पुस्तकांनीही आपल्या परीने दुवे ठेवले. बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकात नवा घटक सुरू होण्यापूर्वी ‘जरा आठवूया’ असा मथळा येतो, विज्ञानात ‘थोडे आठवा’ येतो. हे मागे नेणारे दुवे आहेत. विज्ञानाच्या पुस्तकातले ‘इंटरनेट माझा मित्र’ आणि गणितातले ‘आयसीटी टूल्स किंवा लिंक्स’ हे पुस्तकाबाहेर नेणारे दुवे आहेत. मात्र ‘थोडे आठवा’ म्हटल्यावर ज्याला आठवत नाही, त्याने काय करायचे हे छापील पान सांगू शकत नाही. मागच्या इयत्तेचे पुस्तक एव्हाना धाकट्या भावंडाकडे किंवा रद्दीत गेलेले असते. डिजिटल पानावर ‘थोडे आठवा’ या शब्दांमागेच तो जुना धडा ठेवता येतो. छापील आणि डिजिटल दुव्यातला खरा फरक एवढाच, पण मागे पडलेल्या मुलाच्या दृष्टीने तो फार मोठा आहे.

कर्नाटकात याच विचाराचे एक कागदी रूप ‘नली कली’ या नावाने उभे राहिले. आनंदाने शिकणे असा या कन्नड शब्दांचा आशय. आंध्र प्रदेशातल्या ऋषी व्हॅलीच्या ग्रामीण शाळांचा कित्ता समोर ठेवून १९९५ साली म्हैसूर जिल्ह्यातल्या एच. डी. कोटे तालुक्यात या पद्धतीची सुरुवात झाली. त्यात धड्यांऐवजी छोट्या कृतींची कार्डे असतात आणि भिंतीवर त्यांची शिडी लावलेली असते. मूल आपण कोणत्या पायरीवर आहोत हे पाहते, त्या पायरीचे कार्ड उचलते, ते जमले की पुढच्या पायरीवर जाते. कोणत्या कार्डानंतर कोणते कार्ड हे शिडीच सांगते. एकही संगणक नसताना केलेली ही दुव्यांची पद्धतशीर रचना आहे.

कल्पनेचा प्रवास

जगात या कल्पनेला तांत्रिक रूप मिळाले ते दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस. अमेरिकन अभियंते व्हॅनेव्हर बुश यांनी जुलै १९४५ मध्ये ‘अटलांटिक’ मासिकात एक लेख लिहिला. माणसाचे मन वर्णानुक्रमाने चालत नाही, एका कल्पनेवरून संबंधित दुसऱ्या कल्पनेवर जाते. तेव्हा माहिती साठवणाऱ्या यंत्रानेही तसेच चालावे, असा त्यांचा आग्रह होता. १९६५ साली टेड नेल्सन यांनी अशा परस्परांत गुंफलेल्या मजकुराला ‘हायपरटेक्स्ट’ हे नाव दिले. १९८९ साली टिम बर्नर्स-ली यांनी स्वित्झर्लंडमधल्या सर्न या संशोधनसंस्थेत वर्ल्ड वाइड वेबचा प्रस्ताव मांडला आणि दुवा सामान्य माणसाच्या हाती आला.

शिक्षणशास्त्र याच काळात दुसऱ्या वाटेने त्याच ठिकाणी येत होते. जेरोम ब्रूनर यांनी १९६० साली सर्पिल अभ्यासक्रमाची कल्पना मांडली. एकच विषय वेगवेगळ्या इयत्तांत पुन्हापुन्हा यावा आणि दर वेळी अधिक खोल जावा, असे तिचे सूत्र आहे. डेव्हिड ऑसुबेल यांनी १९६८ साली असे प्रतिपादन केले, की नवे शिकताना सर्वांत निर्णायक गोष्ट म्हणजे विद्यार्थ्याला आधीपासून काय येते ही. त्याच विचारावर जोसेफ नोव्हाक यांनी १९७० च्या दशकात कॉर्नेल विद्यापीठात संकल्पना-नकाशा विकसित केला. त्यात संकल्पना चौकटीत लिहितात आणि दोन चौकटी रेषेने जोडतात. महत्त्वाचे हे, की त्या रेषेवरही शब्द लिहावा लागतो: ‘मुळे’, ‘चा प्रकार’, ‘साठी लागते’. नुसती रेघ ओढून चालत नाही, नाते काय ते सांगावे लागते. डिजिटल अभ्यासक्रमाने या नकाशाकडून घ्यायचा धडा हाच आहे.

दुव्यांचे प्रकार

धड्यांमध्ये येणाऱ्या दुव्यांचे कामानुसार सहा प्रकार पाडता येतात.

पहिला, पायाचा दुवा. चालू धडा समजण्यासाठी जे आधी यायला हवे तिथे तो मागे नेतो. शेकडेवारीच्या धड्यातून अपूर्णांकांकडे जाणारा दुवा हे त्याचे साधे उदाहरण.

दुसरा, पुढचा दुवा. आज शिकलेले पुढे कुठे लागणार हे तो दाखवतो. समरूप त्रिकोणातून त्रिकोणमितीकडे जाणारी वाट अशी आहे. ‘हे शिकून काय उपयोग?’ या प्रश्नाचे उत्तर बहुधा याच दुव्यात असते.

तिसरा, आडवा दुवा. एका विषयातून दुसऱ्या विषयात तो नेतो. विज्ञानातले बाष्पीभवन आणि भूगोलातले जलचक्र ही एकच घटना आहे, हे अनेक मुलांच्या लक्षात येत नाही, कारण दोन्ही तासांना शिक्षक वेगळे आणि वह्याही वेगळ्या असतात.

चौथा, साधनाचा दुवा. धड्यातून चित्रफीत, ध्वनिफीत, नकाशा, प्रयोगाची कृती किंवा अवांतर वाचन यांकडे तो जातो.

पाचवा, सरावाचा दुवा. संकल्पनेतून तिच्यावरच्या प्रश्नांकडे, आणि प्रश्न चुकला तर पुन्हा त्या संकल्पनेकडे. हा दुवा दोन्ही दिशांनी असावा लागतो.

सहावा, भाषेचा दुवा. एकाच संकल्पनेची वेगवेगळ्या भाषांतली नावे तो एकत्र आणतो. एकभाषी प्रदेशात या दुव्याची गरज कमी भासते. सीमाभागात मात्र तो पहिल्या क्रमांकाचा ठरतो.

दुवा चालतो कसा

पडद्यावर दिसणारा रंगीत शब्द किंवा पुस्तकातला क्यूआर कोड हे दुव्याचे केवळ दार असते. आत तीन गोष्टी लागतात. प्रत्येक धड्याला आणि साधनाला न बदलणारी स्वतंत्र ओळख लागते. त्या साधनाविषयीची माहिती लागते: विषय, इयत्ता, माध्यम, संकल्पना, कालावधी, तयार करणारा. तिसरी गोष्ट म्हणजे दोन साधनांमधल्या नात्याची नोंद. शैक्षणिक साधनांच्या वर्णनासाठी २००२ साली ठरलेल्या आंतरराष्ट्रीय मानकात माहितीचे नऊ गट आहेत. त्यांतला एक संपूर्ण गट फक्त नात्यासाठी राखलेला आहे. अमुक साधन तमुक साधनाचा भाग आहे, त्याची सुधारित आवृत्ती आहे, त्याच्यावर आधारलेले आहे, किंवा त्यासाठी ते आधी लागते, असे नाते त्यात नोंदवतात.

ही नोंद असली की एक मोठी सोय होते. दुवा पानाला न जोडता संकल्पनेला जोडता येतो. ‘गुरुत्वाकर्षण’ ही संकल्पना एकदा नोंदवली, की दोन मंडळांची पुस्तके, तीन भाषांतल्या चित्रफिती आणि प्रश्नसंच तिच्याभोवती गोळा करता येतात. पुस्तक बदलले, पान बदलले, तरी संकल्पना जागेवर राहते आणि दुवे तुटत नाहीत.

भारतात या दिशेने झालेल्या कामाचे तीन टप्पे नोंदवण्यासारखे आहेत. २०१३ साली एनसीईआरटीने मुक्त शैक्षणिक साधनांचे राष्ट्रीय भांडार सुरू केले. त्यात साधने संकल्पनांच्या नकाशाभोवती मांडण्याचा प्रयत्न होता आणि त्यामागे मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातल्या गटाचे तांत्रिक काम होते. कर्नाटकात आयटी फॉर चेंज या बंगळूरच्या संस्थेने राज्याच्या शिक्षण खात्याबरोबर ‘कर्नाटक मुक्त शैक्षणिक साधने’ हा विकी उभारला. शिक्षकांनी स्वतः पाने लिहावीत आणि घटकाच्या सुरुवातीला संकल्पना-नकाशा ठेवावा, ही त्याची पद्धत. हे काम मुख्यतः कन्नड आणि इंग्रजीत झाले. तिसरा टप्पा ‘दीक्षा’ या राष्ट्रीय मंचाचा. तो ५ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू झाला. पाठ्यपुस्तकातल्या घटकाशेजारी क्यूआर कोड छापायचा आणि तो टिपला की त्या घटकाची साधने उघडायची, ही त्याची रीत. कोडखाली सहा अक्षर-अंकांची खूण असते. कॅमेरा नसेल तर ती टाकूनही साधन उघडते. साधन एकदा उतरवून घेतले की नेटवर्क नसतानाही पाहता येते.

क्यूआर कोडच्या या वाटेवर सीमाभागाला विशेष जवळचे वाटावे असे एक नाव आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांच्या वर्गातल्या मुलींची घरची भाषा प्रामुख्याने कन्नड होती आणि पुस्तके तिच्यात नव्हती. डिसले कन्नड शिकले. त्यांनी पुस्तके मुलींच्या भाषेत आणली आणि पानांवर क्यूआर कोड लावून त्यांमागे कविता, गोष्टी, व्याख्याने आणि स्वाध्याय ठेवले. २०२० सालचा जागतिक शिक्षक पुरस्कार त्यांना मिळाला. जगाने कौतुक केले ते काळ्यापांढऱ्या चौकोनाचे नव्हे. घरची भाषा आणि शाळेची भाषा यांच्यामध्ये बांधलेल्या पुलाचे होते.

दोन मंडळे, एक विद्यार्थी

कर्नाटकाची शालेय पुस्तके कन्नड, इंग्रजी, हिंदी, उर्दू, मराठी, तमिळ आणि तेलुगू अशा सात माध्यमांत निघतात. बेळगाव-निपाणीच्या मराठी शाळांत यांपैकी मराठी पुस्तके चालतात. दहावीचे गणित आणि विज्ञान एनसीईआरटीच्या पुस्तकांवर बेतलेले आहे. महाराष्ट्राची पुस्तके बालभारतीची, वेगळ्या आखणीची. निपाणीच्या वेशीवर अर्जुननगरचे देवचंद महाविद्यालय आहे. गावाला ते इतके लगतचे, की ते निपाणीचेच वाटते. पण तालुका कागल, जिल्हा कोल्हापूर आणि राज्य महाराष्ट्र. निपाणीत दहावी होऊन तिथे अकरावीला बसणारा विद्यार्थी चालत जाण्याइतक्या अंतरात अभ्यासक्रमाची हद्द ओलांडतो.

अशा विद्यार्थ्याला कोणते दुवे हवेत, हे दोन्ही पुस्तके शेजारी ठेवली की दिसते. गुरुत्वाकर्षण एनसीईआरटीच्या आखणीत नववीत येते, महाराष्ट्रात दहावीच्या विज्ञानाच्या पहिल्या भागात ते पहिलेच प्रकरण आहे. विषय एक, इयत्ता वेगळी. महाराष्ट्राच्या दहावीच्या गणितात ‘अर्थनियोजन’ हे प्रकरण आहे. त्यात वस्तू व सेवा कर, शेअर्स यांचे हिशेब येतात. एनसीईआरटीच्या दहावीच्या गणितात त्याला जोड नाही. म्हणजे इथे दुवा नसून दरी आहे, आणि दरी आहे असे स्पष्ट नोंदवणे हेही दुव्यांच्या नकाशाचेच काम आहे. अंकगणिती श्रेढी मात्र दोन्हीकडे दहावीत आहे. तिथे एका राज्याचे साधन दुसऱ्या राज्याच्या विद्यार्थ्याला जसेच्या तसे चालते.

डिजिटल मंचावर विद्यार्थी प्रथम आपले मंडळ, माध्यम आणि इयत्ता निवडतो. निवड झाली की त्या चौकटीतले साहित्य आधी पुढे येते. बहुसंख्य मुलांसाठी ही सोयच आहे. पण सीमाभागातल्या मराठी मुलाच्या बाबतीत तीच भिंत होऊ शकते. ‘कर्नाटक’ निवडले की महाराष्ट्रात तयार झालेले विपुल मराठी साहित्य नजरेआड जाते. ‘महाराष्ट्र’ निवडले की स्वतःचे पुस्तक दिसत नाही. ही भिंत पाडण्याची गरज नाही. तिला दारे हवीत, आणि ती दारे म्हणजे संकल्पनेनुसार बांधलेले दुवे.

नावांच्या बाबतीतही अशीच दक्षता लागते. बेळगाव हे गावाचे मराठीतले रूढ नाव, तर १ नोव्हेंबर २०१४ पासून कर्नाटकाच्या कागदोपत्री ते ‘बेळगावी’ झाले. १ नोव्हेंबर १९७३ पूर्वी राज्याचेच नाव म्हैसूर होते. एका नावाने शोधणाऱ्याला दुसऱ्या नावाखालचे साहित्य सापडले पाहिजे. त्यासाठी सर्व रूपे एकाच नोंदीला जोडून ठेवावी लागतात.

तीन भाषांचा धागा

बेळगावात राणी चन्नम्मांच्या पुतळ्याच्या चौकाला कन्नड पाटीवर ‘वृत्त’ म्हणतात. मराठीत वृत्त म्हणजे बातमी किंवा कवितेचा छंद. कन्नड गणितात वृत्त म्हणजे वर्तुळ. रोज त्या चौकातून जाणाऱ्या मराठी मुलाला भूमितीतला कन्नड शब्द पाठ करण्याची गरजच नाही. कोणी दाखवून दिले तर तो त्याला आधीच माहीत आहे.

दहावीपर्यंत मराठीतून शिकलेला विद्यार्थी पुढे बहुधा इंग्रजी संज्ञांना सामोरा जातो, आणि वर्गात, शिकवणीत, मित्रांकडून कन्नड संज्ञाही त्याच्या कानावर पडतात. मराठीतला त्रिकोण कन्नडमध्ये त्रिभुज होतो. अपूर्णांकाला भिन्नराशी म्हणतात, अंकगणिती श्रेढीला समांतर श्रेढी, प्रकाशसंश्लेषणाला द्युतिसंश्लेषणे. ऑक्सिजनला आम्लजनक, हायड्रोजनला जलजनक आणि नायट्रोजनला सारजनक अशी नावे आहेत. कार्बनला इंगाल म्हणतात. निखाऱ्याला इंगळ म्हणणाऱ्या मराठी कानाला तो शब्द परका वाटत नाही. बहुतेक शब्द संस्कृतातून आलेले असल्यामुळे एकदा जोड दाखवली की ते चटकन बसतात.

पण हीच जवळीक कधी फसवते. मराठी विज्ञानात क्षार म्हणजे आम्ल आणि आम्लारी यांच्या अभिक्रियेतून तयार होणारा पदार्थ, उदाहरणार्थ मीठ. कन्नडमध्ये त्याला लवण म्हणतात आणि क्षार हा शब्द अल्कलीसाठी वापरतात, म्हणजे पाण्यात विरघळणाऱ्या आम्लारीसाठी. शब्द तोच आणि पदार्थ वेगळा. आम्लारीला कन्नडमध्ये प्रत्याम्ल असा स्वतंत्र शब्द आहे. इथे तीन भाषांचा नुसता तक्ता पुरत नाही. ‘शब्द सारखा, अर्थ वेगळा’ अशी ठळक सूचना दुव्यातच हवी. यंत्राने केलेले शब्दाला शब्द जुळवणे नेमके अशा जागी चुकते. दोन्ही भाषांत वावरणारा सीमाभागातला शिक्षक इथे चुकत नाही, आणि म्हणून भाषेच्या दुव्यांचे काम त्याच्या हातूनच व्हायला हवे.

एक धबधबा, चार विषय

आडव्या दुव्याची ताकद परिसरातल्या एका उदाहरणातून नीट दिसते. हिरण्यकेशी नदी आंबोलीच्या डोंगरात उगम पावते, आजरा-गडहिंग्लजवरून संकेश्वरकडे येते आणि पुढे घटप्रभेला मिळते. घटप्रभा गोकाकजवळ वालुकाश्माच्या कड्यावरून सुमारे ५२ मीटर खाली कोसळते. हा गोकाकचा धबधबा.

भूगोलाच्या धड्यात तो नदीच्या खननकार्याचे उदाहरण म्हणून येऊ शकतो: कठीण खडक, उभा कडा, खाली घळई. विज्ञानात तोच ‘कार्य आणि ऊर्जा’ या नववीच्या घटकाशी जोडता येतो. एक घनमीटर पाण्याचे वस्तुमान १,००० किलो. ५२ मीटर उंचीवर त्याची स्थितिज ऊर्जा १,००० × ९.८ × ५२, म्हणजे ५,०९,६०० जूल. विजेचे एक युनिट म्हणजे ३६,००,००० जूल. भागाकार केला तर उत्तर सुमारे सात येते. ऊर्जेचा काहीच ऱ्हास झाला नाही असे धरले, तरी सात घनमीटर, म्हणजे सात हजार लिटर पाणी कड्यावरून पडावे तेव्हा घरच्या मीटरवरचे एक युनिट तयार होते. हा हिशेब करताना गणिताचा सराव होतो आणि वीजबिलावरच्या आकड्याला प्रथमच वजन येते.

इतिहासाचा दुवाही इथेच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात धबधब्याशेजारी सूतगिरणी उभी राहिली आणि १८८७ मध्ये इथे पाण्यापासून वीज निर्माण झाल्याची नोंद आहे. औद्योगिकीकरणाचा धडा मँचेस्टरपासून सुरू होतो, पण तो गोकाकपर्यंत येऊन पोचतो हे मुलाला कळले की तो धडा त्याचा होतो. महाराष्ट्राच्या दहावीच्या विज्ञानात ‘हरित ऊर्जेच्या दिशेने’ या प्रकरणात जलविद्युतनिर्मिती येते. ते साधन कर्नाटकाच्या विद्यार्थ्यालाही जोडून देता येते. चार विषय, दोन राज्यांची पुस्तके आणि सहलीला जाण्याइतक्या अंतरावरचे एक ठिकाण, अशी ही गुंफण आहे.

निपाणीची तंबाखू हे असेच दुसरे केंद्र. शेतीच्या धड्यात ते नगदी पीक आहे, आरोग्याच्या धड्यात कर्करोगाचे कारण, अर्थशास्त्रात शेतकरी आणि व्यापारी यांच्यातल्या भावाचा प्रश्न, आणि इतिहासात १९८१ चे तंबाखू उत्पादकांचे आंदोलन. हे चार धडे सुटे राहिले तर मुलाला चार वेगळी सत्ये मिळतात. एकत्र आले तर आपल्या गावचा एक खरा, गुंतागुंतीचा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहतो.

दुवे कुठे बिघडतात

दुवे वाढले की शिकणे वाढते असे नाही. १९८७ साली जेफ कॉन्क्लिन यांनी हायपरटेक्स्टचा आढावा घेताना दोन अडचणी दाखवल्या होत्या. वाचक वाट चुकतो, आणि कोणत्या वाटेने जायचे हे ठरवण्यातच त्याची शक्ती खर्च होते. शाळकरी मुलाच्या बाबतीत दोन्ही अडचणी अधिक तीव्र होतात, कारण मुख्य काय आणि अवांतर काय हे त्याला अजून कळत नसते. म्हणून एका घटकाला दोन-तीन निवडक दुवे पुरेसे असतात. पायाचा दुवा सुरुवातीला, सरावाचा शेवटी आणि आडवा दुवा मुख्य विवेचन संपल्यावर, असा क्रम ठेवला तर वाचनाचा ओघ तुटत नाही.

दुव्याला नाव नसणे हा दुसरा दोष. ‘येथे क्लिक करा’ किंवा ‘अधिक माहिती’ या शब्दांतून काहीच कळत नाही. ‘अपूर्णांकांची बेरीज विसरला असाल तर ही पाच मिनिटांची उजळणी’ असे लिहिले की काय मिळेल, किती वेळ लागेल आणि कोणासाठी आहे हे तिन्ही कळते. संकल्पना-नकाशातल्या रेषेवरचा शब्द तो हाच.

तिसरा दोष मेलेल्या दुव्यांचा. छापलेला क्यूआर कोड पुस्तकाच्या संपूर्ण आयुष्यात तोच राहतो. त्यामागचे साधन हलवले किंवा काढून टाकले तर मुलाच्या हाती रिकामे पान येते. दोनदा असे झाले की तो तिसऱ्यांदा कोड टिपत नाही. म्हणून दुव्यांची वर्षातून एकदा, शाळा सुरू होण्यापूर्वी, तपासणी झालीच पाहिजे.

चौथा दोष परिस्थितीकडे पाठ फिरवण्याचा. अनेक घरांत फोन एकच असतो आणि तो वडिलांबरोबर दिवसभर कामावर जातो. खानापूरच्या जंगलपट्ट्यात नेटवर्क पोचेलच असे नाही. प्रत्येक जड चित्रफितीबरोबर त्याच आशयाचे एक छापण्याजोगे पान जोडलेले असावे, ही साधी अट पाळली तर डिजिटल अभ्यासक्रम फोन नसलेल्या मुलालाही आपलासा होतो.

शिक्षकांनी दुवे बांधण्याची रीत

दुव्यांचे काम संगणकावर सुरू करू नये, कागदावर सुरू करावे. एका विषयाचे तीन-चार शिक्षक, शक्यतो वेगवेगळ्या इयत्तांना शिकवणारे, एकत्र बसावेत. प्रथम एका घटकातल्या मुख्य संकल्पना लिहाव्यात. त्या सहसा पाच-सातच असतात. प्रत्येक संकल्पनेसमोर ‘हे समजायला आधी काय यावे?’ या प्रश्नाचे उत्तर लिहावे. मुले दरवर्षी कुठे अडतात याची खूण करावी, कारण दुवा तिथेच लागतो. मग मराठी, कन्नड आणि इंग्रजी संज्ञा शेजारीशेजारी लिहाव्यात आणि फसव्या जोड्यांवर फुली मारावी. त्यानंतर दोन्ही राज्यांच्या पुस्तकांत ती संकल्पना कुठे आहे ते नोंदवावे. शेवटी साधने शोधावीत आणि प्रत्येक साधन संपूर्ण पाहिल्याशिवाय जोडू नये.

तयार झालेला नकाशा अशा विद्यार्थ्याच्या हाती द्यावा, ज्याला तो घटक नीट आलेला नाही. त्याने कोणता दुवा उघडला, कुठून परत आला, कुठे थांबला हे पाहिले की नकाशातल्या चुका कळतात. हुशार विद्यार्थ्याकडून ही परीक्षा करून घेण्यात अर्थ नाही, कारण तो दुव्याशिवायही पोचतो.

एका शिक्षकाने वर्षभरात एका विषयाचे दहा घटक असे जोडले आणि ते इतरांना खुले केले, तर काही वर्षांत सीमाभागाच्या मराठी शाळांसाठी स्वतःचा असा नकाशा तयार होईल. त्यासाठी नवे पुस्तक लिहावे लागत नाही, मोठा निधी लागत नाही. दोन्ही राज्यांची पुस्तके लागतात, तिन्ही भाषांचा कान लागतो आणि मूल कुठे अडते याची जाण लागते. या तिन्ही गोष्टी बेळगाव-निपाणीच्या शिक्षकांजवळ आज आहेत.